तिवाठ्यावरचा उतारा

खोटं बोलून कुणाला घाबरवायचं माझं वय राहिलं नाही. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं. हे माझ्या घरात घडलंय, माझ्या नातीसोबत.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावस्या. जुईनगरच्या बाजूचं आमचं गावठाण. दिवेलागणीची वेळ.

माझी नात अस्मिता फोनातले गेम बनवते. शाळेच्या पोरांना इतिहास शिकवायला. पोर फोन घेऊन जुन्या जागी उभं राहिलं, की त्या जागेची गोष्ट फोनात सुरू होते. आमच्या गावाचा गेम बनवायचा म्हणून माझ्या मागे लागली होती. मी तळं दाखवलं, मिठागराची वाट दाखवली, तिवाठा दाखवला. माझ्याएवढं गाव कुणाला ठाऊक नाही.

तिवाठा म्हणजे तीन वाटा मिळतात ती जागा. आजारी माणसावरून दहीभात, अंडं उतरवायचं, तिथं ठेवायचं आणि मागे न बघता यायचं. हा उतारा. तो कुणी उचलायचा नाही. उचलला, की ते दुखणं आपलं.

हे मी तिला बजावून सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी गेम तपासायला आम्ही तिवाठ्यावर गेलो. सोबत सौरभ, तिच्याबरोबर काम करणारा, करंजाड्याचा. अस्मिताने फोन धरला. फोनात तोच रस्ता दिसत होता आणि रस्त्यावर एक पत्रावळ. भात, अंडं. खाली हिरवं बटन.

"काय लिवलंय त्याच्यावर?"

"उचला," सौरभ म्हणाला. "उचललं की माहिती मिळते, आजी. पॉइंटपण."

"उतारा उचलतात व्हय रं? तुज्या आयशीनं काय शिकवलं नाय?"

"चित्र आहे ते, आजी. पोरांना काहीतरी करायला लागतं. नुसतं बघून बोअर होतात."

"बोअर होतात म्हनून दुसऱ्याचा रोग खायला घालशील?"

शी. मला त्या बटनाचीच किळस आली.

"टेन्शन नको घेऊ गं," अस्मिता हसली.

आणि तिने बटन दाबलं.

फोनातली बाई गावाचा इतिहास सांगायला लागली. मध्येच थांबली...

तळ्यातले बेडूक थांबले.

कुत्री थांबली.

पलीकडच्या सोसायटीचा पंप घरघरत होता. तोही ऐकू येईना.

मग... वास आला.

आंबलेला भात. कुजलेलं अंडं. रस्त्यावर तर काहीच नव्हतं. मी नाकाला पदर लावला.

वास फोनातून येत होता.

घरी आल्यावर मी ताट वाढलं. अस्मिताने पहिलाच घास थुंकला.

"सडलंय हे, आजी."

मी केलेला वरणभात! माझ्या हातच्या जेवणाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. डॉक्टर झाले, रिपोर्ट झाले. सगळे चांगले. पोरगी मात्र वाळत चालली.

मग एका दुपारी मागच्या दारी आवाज आला.

चप... चप... चप...

मला वाटलं मांजर. जाऊन बघते तर अस्मिता उकिडवी बसलेली. पुढ्यात ओल्या कचऱ्याचा डबा. शिळा, बुरशी आलेला भात मुठीमुठीने खात होती. ओठांवरून आंबलेल्या भाताची चिकट तार लोंबत होती.

माझ्याकडे बघून म्हणाली...

"छान झालंय, आजी."

मी आयुष्यात मढी धुतली, गटारं उपसली. कधी नाक मुरडलं नाही. त्या दिवशी माझ्याच उंबऱ्यावर ओकले.

सौरभला बोलावून घेतलं.

"गेम डिलीट करतो, आजी."

"डिलीट करून उतारा जाईल कुठं? तुज्या घरी? जिथनं उचलला तिथं ठेवायला लागल. ठेवायचं बटन कुठं हाय?"

तो नुसता फोनावर बोट फिरवत राहिला.

"बोल की!"

"ठेवायचं... बनवलंच नाही."

बघा. उचलायची अक्कल होती, ठेवायची नव्हती. मी त्याला समोर बसवला आणि बटन होईपर्यंत उठू दिला नाही.

दिवेलागणीला पुन्हा तिवाठ्यावर. अस्मिताला मी धरून नेली. फोन काढताच बेडूक थांबले आणि तोच वास सुटला. तिने बटन दाबलं. फोनात रस्त्यावर पत्रावळ उतरली.

रिकामी...

एक शीत नाही. चाटून पुसून साफ.

सौरभ पांढराफटक पडला. "मी भरलेलीच काढलीय, आजी. रिकामी पत्रावळ मी काढलीच नाही."

तेवढ्यात बेडूक ओरडायला लागले. वास गेला.

"आजी, भूक लागली," अस्मिता म्हणाली. मला रडू फुटलं.

आता ती माझ्या हातचं जेवते. घरात सगळे खूश आहेत.

पण लहानपणापासून ही पोरगी दुसऱ्या वाढपाला ताटावर हात आडवा धरायची. पुरे, आजी, पुरे. आता धरत नाही. मान वर करत नाही. इतकं जेवून मनगट बारीकच होत चाललंय.

मी वाढत राहते. ती पुरे म्हणायची वाट बघते...

पातेलं संपतं. ती म्हणत नाही.