कधीच न खणलेला कालवा

दूध संपलं होतं, एवढंच निमित्त. काशिनाथ त्या संध्याकाळी घराबाहेर पडला तो कोपऱ्यावरच्या डेअरीतून दुधाची एक बाटली आणायला. एकट्या माणसाला किती दूध लागतं? पण चहाशिवाय त्याचं पान हलत नसे.

चिराग, तो हीटर जरा इकडे सरकव. गॅरेजची फरशी बर्फासारखी झालीये. आणि इशिता, फोन ठेव खाली. ही गोष्ट ऐकीव नाही. काशिनाथ माझा शेजारी, इथेच ओटाहुहूत, भिंतीला भिंत लागून. त्याने त्याच रात्री मला जे सांगितलं तेच सांगतोय, पदरचं काही घालत नाही.

गेल्या वर्षीची पंचवीस जून. बुधवार. ज्येष्ठातली अमावास्या. जून म्हणजे इथे भर हिवाळा, सव्वापाचलाच दिवस मावळतो, म्हणजे काशिनाथ निघाला तेव्हा सहाच वाजत होते, पण बाहेर मिट्ट काळोख.

त्याची बायको दमयंती फेब्रुवारीत गेली होती. रात्री नेहमीसारखी झोपली, सकाळी उठली नाही. मे महिन्यात दोघं व्हेनिसला जाणार होते. इटलीतलं ते जुनं शहर, जिथे रस्त्यांच्या जागी कालवे आहेत. दमयंतीने वर्षभर तयारी केली होती, आणि तीही कशी? टूरिस्टासारखं जायचं नाही म्हणे. तिथल्या माणसांसारखं राहायचं. स्वयंपाकघर असलेली एक खोली घ्यायची, सकाळी पिशवी घेऊन भाजी आणायला जायचं, कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यायची. आणि त्या नटवलेल्या होड्यांमध्ये बसून गाणी ऐकायची नाहीत. तिथले लोक साध्या होडीतून कालवा ओलांडतात, तेही उभ्याने. मग आपणही उभ्यानेच ओलांडायचा. पडलो तर? पडलो तर पोहू, म्हणायची. पोहता दोघांनाही येत नव्हतं.

त्याची तालीम ती काशिनाथकडून रोज संध्याकाळी करून घ्यायची, आपल्या मागच्या त्या गवताच्या पट्ट्यावर. तुम्ही तिथे सॉकर खेळायचात तोच. त्याला कनाल रिझर्व्ह का म्हणतात, माहीत आहे? काय म्हणालास चिराग, 'बट देअर्स नो कनाल हिअर'? बरोबर. कालवा नाहीच तिथे. ही जमीन दोन समुद्रांच्या मधली चिंचोळी मान आहे. जुन्या काळी माओरी लोक आपल्या होड्या इथून जमिनीवरून ओढून पलीकडच्या पाण्यात न्यायचे. पुढे गोऱ्यांनी ठरवलं की इथे कालवाच खणू. जागा राखून ठेवली. आणि खणला नाही. दमयंती त्या पट्ट्याला 'आपलं व्हेनिस' म्हणायची. गवतात पाय फाकवून दोघं शेजारी शेजारी उभे राहायचे आणि ती म्हणायची, 'हलली बरं का होडी, सांभाळा.' येणारे-जाणारे हसायचे. काशिनाथला व्हेनिसचं काडीचंही पडलेलं नव्हतं. त्याला तिचं पडलेलं होतं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी आपण भाताचा पिंड ठेवतो आणि कावळ्याची वाट बघतो. कावळा शिवला तर जीव सुटला. नाही शिवला, तर गेलेल्याचं काहीतरी राहिलंय. मग घरचे एकेक जण पुढे होतात, हात जोडतात, वचन देतात. पोरीचं लग्न लावून देईन. भावाशी भांडण मिटवीन. जे राहिलेलं असतं त्याचं नाव निघालं की कावळा येतो. मी स्वतः पाहिलंय.

पण या देशात आपला कावळा आहे कुठे? मानुकाऊच्या किनाऱ्यावर आम्ही सगळे उभे होतो. सीगल मात्र ढिगाने. मुलगा देवव्रत त्यांना हुसकावता हुसकावता रडकुंडीला आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. शास्त्रात ते चालतं. पण दर्भाच्या कावळ्याचं काय, हाताने टेकवला की शिवला! वचन कुणी दिलंच नाही. दमयंतीचं काय राहिलं, ते कुणी विचारलंच नाही.

हे काशिनाथच्या मनात रुतून बसलं. देवव्रत वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलला राहतो, तो म्हणाला, बाबा, वेलिंग्टनला चला. हा गेला नाही. मी जेवायला बोलावलं की आज पोट ठीक नाही म्हणायचा. दिवसचे दिवस घरातून आवाज नाही. एकटेपणा वाईट, पोरांनो. माणसाला आतून पोखरतो आणि वरून काही दिसत नाही.

तर त्या बुधवारी त्याने दूध घेतलं. डेअरीवाल्याने 'किया ओरा' म्हणून नमस्कार केला, याने नुसती मान हलवली. रोज तो रस्त्यानेच परत यायचा. गवताच्या पट्ट्यावर फेब्रुवारीपासून त्याने पाऊल टाकलं नव्हतं. पण त्या दिवशी फुटपाथ उकरून ठेवलेला, नारिंगी शंकू लावलेले, आणि रस्त्यावर ट्रकची रांग. म्हणून तो पट्ट्यावरून निघाला.

अर्ध्यावर आला असेल. आपल्याकडे डोक्यावरून विमानं सारखी उतरत असतात, त्यांचा आवाज थांबला. ट्रकचाही थांबला. मग वास आला. चिखलाचा. भरतीच्या पाण्याचा.

आणि मग आवाज. पाणी काठावर आपटतं ना, हळूहळू... तसा.

तो थांबला. समोरच्या एका घराच्या ओट्यावर दिवा होता. तो दिवा त्याला दोनदा दिसत होता. एकदा वर, घरापाशी. आणि एकदा खाली, पायांपुढे. हलताना.

गवत संपलं होतं. पुढे पाणी होतं. सरळ, काळं. या समुद्राकडून त्या समुद्राकडे.

पाण्यावर होडी होती. वल्हवणारा कुणी नव्हता. होडीत एक बाई उभी होती. उभी... पाय जरा फाकवून. तोंड पलीकडे.

त्याने ओळखलं.

भीती वाटली नाही, म्हणाला मला. आनंद झाला. चार महिन्यांत पहिल्यांदा झाला. जिथे भ्यायला हवं तिथे माणसाला आनंद व्हावा, यासारखं वाईट लक्षण नाही.

होडी मध्यावर थांबली होती. त्याने विचारलं, "दमयंती, तुझं काय राहिलं?"

काही नाही. नुसतं पाणी.

मग त्याने तेच केलं जे दहाव्या दिवशी करायचं राहिलं होतं. दुधाची बाटली खाली ठेवली आणि हात जोडले. म्हणाला, तुझ्या पाटल्या सूनबाईला देतो, अनुष्कालाच देतो.

होडी काठाकडे सरकली. थोडीशी.

त्याला वाटलं, राहिलेल्या गोष्टीच्या जवळ आलो. म्हणाला, देवव्रतकडे राहायला जातो. एकटा राहत नाही.

होडी आणखी सरकली.

म्हणाला, व्हेनिसला जाईन. तू म्हणालीस तसाच राहीन.

होडी काठाला लागली. आवाज न करता.

तिच्या शेजारी जागा होती. एका माणसाची.

त्याने डावा पाय उचलला. होडीत ठेवला. होडीच्या तळाला पाणी होतं. इतकं गार, की पाय आहे की नाही कळेना. होडी हलली. सवयीने त्याने तोल सावरला.

तेव्हा तिने तोंड वळवलं.

ती रडत होती. आणि मान हलवत होती. नाही... नाही...

काशिनाथला तिथे आठवलं. त्या दिवशी किनाऱ्यावर सगळे गप्प होते, पण तो गप्प नव्हता. हात जोडून तो मनात एकच गोष्ट मागत होता. मोठ्याने म्हणाला नाही, म्हणून आम्हाला कळलं नाही. तो म्हणत होता, मलाही घेऊन चल.

तिचं काहीच राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते याचं. याने बोलावली म्हणून ती आली होती, आणि याने सोडल्याशिवाय तिला जाता येत नव्हतं. तो पाटल्या देत होता, घर सोडत होता, व्हेनिस देत होता, पण तिला काही सोडत नव्हता.

बोलायचं काय ते कळलं. पण बायकोला असं कसं सांगायचं... तुम्हाला नाही कळायचं ते. अजून वय नाही तुमचं.

होडी काठ सोडायला लागली. एक पाय आत. एक बाहेर. मधलं पाणी रुंद होत होतं...

"मी येत नाही, दमयंती."

होडी थांबली.

"मला यायचं होतं. पण मी येत नाही. तू नीघ."

त्याने पाय काढून घेतला. कसा, ते त्यालाही माहीत नाही. गवतात पाठीवर पडला. डोक्यावरून विमान गेलं, अगदी खालून, दिवे लावून. उठून बघतो तर गवत. हातभर पुढे दुधाची बाटली. दव पडलेलं तेवढंच, बाकी कोरडं ठणठणीत.

माझं दार वाजलं तेव्हा सात वाजले असतील. मी भात लावत होतो. काशिनाथ आत आला, खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला.  मग त्याने सगळं सांगितलं, मग दोन वेळा भात वाढून घेतला. फेब्रुवारीनंतर त्याला जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

या मेमध्ये तो व्हेनिसला जाऊन आला. एकटा. भाजी आणली, उभ्याने कॉफी प्यायला, उभ्याने कालवा ओलांडला. आता जॉन्सनव्हिलला असतो, नातवाला शाळेत सोडतो. फोनवर बोलतो तेव्हा आवाज बरा वाटतो.

काय इशिता? 'ही वॉज जस्ट ग्रीव्हिंग'? असेल. दुःखात माणसाला काय काय दिसतं. मीही तसंच म्हटलं असतं.

पण त्या रात्री त्याने माझ्या दारात बूट काढले. उजवा कोरडा होता. डावा घोट्यापर्यंत भिजलेला. मी तो हीटरपाशी ठेवला. सकाळी ओलाच. आठवडाभर उन्हात ठेवला. ओलाच. जाताना काशिनाथ म्हणाला, हा मी नेत नाही, आणि टाकवतही नाही. म्हणून तो माझ्याकडे राहिला. वर्ष होऊन गेलं.

तुझ्या मागे, चिराग. निळी बादली. झाकण काढ... घाबरू नकोस, नुसता बूट आहे.

परवाच मी ती उलटी करून पुसून ठेवली होती.

हं... किती भरलीये?

बोट बुडवून चाखलंस तरी चालेल. मी चाखलंय. खारट आहे.