तिलेकच्या सुरावर माझी चित्रं

वर्गात वीज घ्यायला एकच सॉकेट उरलं होतं आणि आमच्या दोघांचे हात एकदमच तिथे पोचले.

"लाव तू," तो म्हणाला. "माझा फोन मेला तरी चालेल. माझं वाद्य विजेवर चालत नाही."

खिशातून त्याने बोटाएवढा लोखंडी तेमिर-कोमुझ काढला, दातांशी धरला आणि छेडला... मी प्लग हातात धरून तशीच उभी!

बिश्केकमधल्या त्या जुन्या शिवण कारखान्यात आम्ही सुरांवर चित्रं नाचवायला शिकत होतो. संगणकावर चौकोन मांडायचे—एक आवाजाचा, एक रंगाचा, एक हालचालीचा—आणि तारांनी जोडायचे. आमच्या शिक्षिकेने, चिनारा एजेने—एजे म्हणजे ताई—तिलेकची अन् माझी जोडी लावून दिली. वाद्य ओठांत असलं की त्याला बोलता यायचं नाही. मी नेमकी तेव्हाच प्रश्न विचारायची. तो भुवयांनी उत्तरं द्यायचा.

वर्गाच्या शेवटच्या दुपारी लोकांसमोर कार्यक्रम होता. ऐनवेळी तार चुकली तर? या धास्तीने मी चित्रं आधीच रेकॉर्ड करून ठेवली. तिलेकला ते कळलं. तो रागावला नाही.

"म्हणजे मी वाजवत असताना... तू ऐकणारच नाहीस?"

कार्यक्रम सुरू झाला. भिंतीवर माझी चित्रं आपल्याच नादात चालली होती आणि त्यांच्या शेजारी तो एकटाच वाजवत होता. मला ते बघवेना. मी रेकॉर्डिंग बंद केलं. भिंत काळी झाली. संगणकावर मी त्याच्या माइकच्या चौकोनाची तार भिंतीवर प्रकाशाचं कडं उमटवणाऱ्या चौकोनाला जोडली.

कडं हललं. त्याच्या सुरासोबत फुललं, श्वासासोबत मिटलं. तिलेकने वळून पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. सूर चुकला, पण ते हसूसुद्धा भिंतीवर लहरत गेलं.

वाजवून झाल्यावर तो माइकपाशीच थांबला.

"बेगिमाय, उद्यापासून वर्ग नाही... तरी भेटशील?"

शब्दाशब्दाला कडं उसळत होतं. सगळे माझ्याकडे वळले. मी मान डोलावली.

"भिंतीला मान दिसत नाही," तो म्हणाला आणि त्याने माइक माझ्यापुढे धरला.

पहिल्यांदा मी 'भेटेन' म्हटलं ते इतकं हळू, की कडं जागचं हललंही नाही. मग पुन्हा म्हटलं. या वेळी मात्र मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या आईलाही ते भिंतभर दिसलं.