ठोक्यात न बसणारा खोकला

त्या काळी गाणं चांगलं की वाईट यावर भांडणं होत नसत. सरकारनं तशी सोयच केली होती. प्रत्येक गाण्याला 'फेरांक' असे. म्हणजे संपल्यावर शंभरातले किती जण ते पुन्हा लावतील, हे मेंदू तपासून काढलेला आकडा. नव्वदाच्या खालचं गाणं रेडिओवर लागत नसे, आणि रेडिओ तर आता प्रत्येकाच्या कानामागे बसवलेल्या मण्यातच वाजे.

सोलापूरचा रॅपर नागेश येमूल याच्या 'शेंगाचटणी'चा फेरांक सत्त्याण्णव होता. त्या गाण्यात चटणीखेरीज काही नव्हतं. त्याच अल्बमातलं शेवटचं गाणं, 'सूप', मात्र अकरावर अडलं होतं. मांडीवर सूप घेऊन जन्मभर विड्या वळलेली आणि तंबाखूच्या धुळीनं छाती पोखरून गेलेली त्याची आई त्यात होती. आजाराचं नाव गाण्यात कुठंच नव्हतं. ते काम आईच्या खऱ्याखुऱ्या खोकल्याकडं होतं.

आई गेली त्या दिवशी थोरल्या बहिणीनं, पद्माअक्कानं, आपलं सूप उलटं करून ठेवलं, ते कायमचं म्हणून. बाकीच्या बायांनीही हे ऐकून सूप खाली ठेवावं, एवढंच नागेशला हवं होतं. म्हणून तो फेरांक मंडळाच्या डॉ. रेवती टिळेकरांकडे गेला.

"लोक हे एकदाच का ऐकतात, मॅडम?"

"दुसऱ्यांदा ऐकायला हिंमत लागते. आठवण म्हणजे शिलालेख नव्हे हो, मळलेली कणीक. काढली की मऊ होते, त्या वेळी कानावर पडेल ते तिच्यात मिसळतं आणि तशीच ती पुन्हा घट्ट होते. 'शेंगाचटणी' कुणाची आठवण उघडत नाही, म्हणून निर्धोक. 'सूप' थेट आत हात घालतं."

"मग आकडा वाढवायचा कसा?"

"खोकला काढा. ठोक्यात बसत नाही."

"अहो, त्याच्यासाठीच तर गाणं केलंय!"

"गाणं राहील की! त्या जागी आईचं गुणगुणणं घालू."

नागेशनं मान डोलावली. एकदा कानात शिरलं की अर्थ आपसूक कळेल, असं त्याला वाटलं. कलावंतांना असं वाटतं.

'सूप' अठ्ठ्याण्णववर गेलं. लग्नाच्या वरातीत वाजलं, जिममध्ये वाजलं. नागेशही दिवसभर तेच ऐके; गाणं आपलं, आई आपली. कोपऱ्यावरचा सराफ डोळे पुसत म्हणाला, "माझी आईपण अश्शीच गुणगुणत विड्या वळायची, नागेशराव." त्याची आई न्यायाधीश होती. हयातही होती.

मग अक्काचा फोन आला.

"काय बे नाग्या, मोठा झालास! ऐक, दिवाळीपासून मी पुन्हा विड्या वळतेय."

नागेश एकदम म्हणाला, "नको, अक्का."

"का नको?"

तो कारण शोधू लागला. उंबऱ्यावर, उन्हात, मांडीवर सूप घेतलेली आई तेवढी सापडली. गुणगुणत होती. अगदी ठोक्यात.

"आईनं जन्मभर वळल्याच की," अक्का म्हणाली. "काय झालं तिला?"

"काही नाही," नागेश म्हणाला. "झोपेतच गेली बहुतेक."

"मग?"

पलीकडे अक्का खोकली. कोरडा, लांबत गेलेला खोकला. तो कुठंतरी ऐकल्यासारखा वाटला. कुठं, ते काही केल्या आठवेना. तो ठोक्यात बसत नाही, एवढंच त्याला कळलं.