गुंडीचं पदक

पतंगे शिंप्यांच्या दुकानात शिरलं की समोर काचेच्या चौकटीत एक पदक दिसायचं, आणि त्याखाली जाळीच्या उंच पिंजऱ्यात पदकाची मालकीण, गुंडी. खारीएवढं अंग, उंदराचा चेहरा, शेपटीच्या टोकाला काळा झुबका आणि गाजरासारखे नारिंगी दात. पिंजऱ्यातच तिचा जोडीदार, काज.

"पेढा देऊ का हिला?" एखादं गिऱ्हाईक विचारायचं.

"तुम्हीच खा," संदीप पतंगे कात्री न थांबवता म्हणायचे. "डेगूला साखर म्हणजे विष. आणि दातांना नावं ठेवू नका. पांढरे पडले तर समजायचं, आजारी आहे."

बार्शीत आता घरोघरी डेगू होते. हा प्राणी मूळचा चिली देशातल्या डोंगरउतारांवरचा. शास्त्रज्ञांनी त्याला उचललं ते एका विचित्र कारणासाठी: म्हातारपणी त्याच्या मेंदूत माणसासारखाच विस्मरणाचा गाळ साठू शकतो. मग त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. माणसाच्या कातडीच्या पेशींपासून मेंदूच्या पेशी वाढवल्या आणि डेगूच्या नवजात पिल्लाच्या डोक्यात रुजवल्या. डेगूचं एक वर्ष म्हणजे माणसाची दहा. त्यामुळे माणसाचं म्हातारपण त्याच्या डेगूत आधीच बघता यायचं. सरकारी कागदांत अशा डेगूला 'अग्रजीव' म्हणत, म्हणजे आपल्या पुढे चालणारा जीव. गुंडीत पतंग्यांच्या पेशी होत्या, काजात त्यांच्या बायकोच्या, वैशालीबाईंच्या. डेगू एकटा ठेवला की झुरतो, म्हणून नवराबायकोचे डेगू एकाच पिंजऱ्यात वाढवायची पद्धत पडली होती.

दर सहा महिन्यांनी स्मृती केंद्रात परीक्षा व्हायची. वाळूच्या परातीत आठ पालथ्या वाट्या. त्यातल्या एकीखाली आदल्या दिवशी डेगूच्या देखत सूर्यफुलाचं बी ठेवलेलं. मागच्या खेपेला साडेसहा वर्षांच्या गुंडीनं नऊ सेकंदांत ते शोधलं आणि जिल्ह्यात पहिली आली.

पतंग्यांना त्यात नवल वाटलं नव्हतं. कपडे शिवणारी यंत्रं कॅमेऱ्यानं माप घेऊ लागली तरी त्यांचं दुकान टिकलं, ते डोक्याच्या जोरावर. एकदा टेप लावली की माप कायमचं पाठ. वही नाही, चिठ्ठी नाही. "चाळीस वर्षांत एक माप चुकलं नाही माझं," ते म्हणायचे, "गुंडी साक्षीला आहे." वैशालीबाई बाजूला बसून हातानं काजं करत आणि स्वतःशीच काहीबाही पुटपुटत.

आज पुन्हा परीक्षा होती. पतंग्यांनी पदक चौकटीतून काढून खिशावर लावलं होतं. गुंडी आता सात वर्षांची. वैशालीबाईंनी काजाचा पिंजरा नेहमीप्रमाणे परातीला लागून ठेवला.

आठ सेकंद.

"बघा!" पतंगे उठूनच उभे राहिले. "वय वाढतंय तशी चपळ होतेय!"

डॉक्टर ईरा कोल्हटकर हसल्या नाहीत. "काका, जरा बसा. या खेपेला आम्ही आवाजाचं नवं यंत्र लावलंय. हे ऐका."

यंत्रातून एक बारीक चिरका आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"हे काज आहे. कालही पिंजरा इथेच होता, बी कुठे ठेवलं ते त्यानं पाहिलंय. गुंडी चुकीच्या वाटीकडे वळली की ते चिरकतं. बरोबर वाटीशी आली की गप्प. मागच्या खेपेची चित्रफीत काढून पाहिली, त्यातही काजाचं तोंड असंच उघडताना दिसतं."

"म्हणजे माझी गुंडी कॉपी करते?"

"गुंडी विसरतेय, काका. साडेसहाव्या वर्षापासून. माणसाच्या हिशेबात पासष्ट."

पतंग्यांना मागच्याच महिन्यात पासष्ट पूर्ण झाली होती.

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "नियमानं आजचा निकाल धरावाच लागेल. काजाला बाहेर नेऊन पुन्हा परीक्षा घ्यायची तर तुमची सही हवी. नापास झाली तर पदक जाईल, पण तुमचं औषध लगेच सुरू होईल. गेलेलं परत येत नाही, उरलेलं मात्र टिकतं. उशीर केला तर तेही नाही."

"मला काय धाड भरलीय? विचारा कोणाचंही माप!"

"माझ्या बाबांचा कोट शिवला होता तुम्ही."

पतंग्यांनी टाळूला जीभ लावली. शेजारी वैशालीबाई खोकल्या, पुटपुटल्या.

"छाती एकेचाळीस, बाही चोवीस. डावा खांदा अर्धा इंच उतरता!"

डॉक्टर पतंग्यांकडे नाही, वैशालीबाईंच्या ओठांकडे बघत होत्या. "काकू, काजाला घेऊन जरा बाहेर बसता?"

वैशालीबाईंचा चेहरा उतरला. "अहो, मी काय म्हणते..."

"जा गं. आपल्याला कशाची भीती?"

दार लागलं.

"काकूंच्या ब्लाउजचं माप सांगा."

पतंगे हसले. लग्नापासून तिचा एकही ब्लाउज दुसऱ्या कोणी शिवला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं. पाठीचा गळा दिसला, खडूची रेघ दिसली, कात्री कुठे वळते तेही बोटांना आठवलं. आकडा आला नाही. परातीत गुंडी वाट्यांच्या मधोमध बसून मिशा हलवत होती. बाहेरून काज चिरकलं, तशी तिनं दाराकडे मान वळवली. आपणही कधीपासून दाराकडेच बघतोय, हे पतंग्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

"कुठे करायची सही?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "जिल्ह्यात एकोणीस हजार जोड्या आम्ही अशाच शेजारी ठेवून तपासल्या, काका. एकेकट्याची स्मृती मोजतोय असं समजत होतो. आता कोणाचं डोकं कुठे संपतं आणि जोडीदाराचं कुठे सुरू होतं, कसं शोधायचं? आणि वेगळं काढल्यावर दोघांत काय उरेल?"

पतंग्यांनी सही केली, खिशावरचं पदक काढलं आणि स्वतः जाऊन दार उघडलं. वैशालीबाई पिंजरा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पतंग्यांनी पदक काजाच्या पिंजऱ्याच्या कडीला अडकवलं.

"वैशे, तुझ्या ब्लाउजचं माप काय गं?"

त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच न पुटपुटता, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "छत्तीस."

पतंगे छाती काढून डॉक्टरांकडे वळले.

"ऐकलंत? चाळीस वर्षांत एक माप चुकलं नाही आमचं."