डोंगरापुरतं नाव

त्या रात्री मला झोप लागली नाही ती एका बोल्टमुळे.

विपुलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, प्राप्तीसाठी एक अर्धी सायकल मागवली होती. एक चाक, एक सीट, एक हँडल. तिचा दांडा बाबाच्या सायकलीच्या सीटखाली बोल्टनं जोडायचा, की पोरगी मागून पेडल मारत येते. घरात तिचं नाव पडलं 'शेपूट'. रात्रभर माझ्या डोळ्यांपुढे तो बोल्ट ढिला होत होता. उतार, वळण, बोल्ट गळतो, शेपूट सुटतं आणि माझी सहा वर्षांची लेक थेट खाडीत. पहाटे उठून मी तो पान्यानं पुन्हा आवळला.

"किती आवळशील? आटे जातील त्याचे," विपुल अंथरुणातूनच म्हणाला.

"गेले तर घरी बसू," मी म्हटलं.

बेत तसा साधा होता. उरणहून करंजा, तिथून खाडी ओलांडणाऱ्या तरीत सायकली चढवून रेवस. पुढे खारभूमीच्या बांधावरून, भातखाचरांमधून डोंगराच्या पायथ्यापर्यंत सायकल आणि तिथून वर पायी. त्या डोंगराला गाडीरस्ता नाही, म्हणून हा असा अर्धा-अर्धा हिशेब. विपुलचे ट्रेलर बंदराच्या रांगेत उभे असतात तेव्हा तोही त्यांच्यासोबत दिवसदिवस उभा असतो, त्यामुळे रविवारी त्याला पाय चालवायचे असतात. आणि मला? शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "प्राप्ती घसरगुंडीच्या पायरीवर पण आधी तुम्हाला शोधते." ते वाक्य मला लागलं होतं. मुलगी भित्री मी केली की ती उपजतच तशी, हे मला बघायचं होतं. खरं तर उत्तर मला ठाऊक होतं.

निघताना सासूबाई दारात आल्या. त्यांचा जन्म मिठागरात गेलेला.

"डोंगरान पोरीचा नाव घेवाचा नाय," त्या म्हणाल्या. "खाडीन नाय, डोंगरान नाय. येकदा घेतलास का त्याचा झाला."

"कोणाचा, आई?"

"त्याचा बी नाव घेवाचा नाय."

मिठागरात रात्री पाणी सोडायला जाताना माणसं एकमेकांना भलत्याच नावांनी हाका मारायची, हे मी ऐकून होते. माझे सासरे गावात चांगदेव आणि मिठागरात मडका. मी एम.कॉम. झालेली बाई, हसले. प्राप्तीला मात्र ते इतकं आवडलं, की तरीत बसेपर्यंत तिनं नावं ठरवूनसुद्धा टाकली.

"मी बटाटा. बाबा पाव."

"आणि मी?"

तिनं मला नीट निरखलं. "तू चटणी. तिखट आहेस ना."

विपुल इतका हसला, की तरवाल्यानं वळून बघितलं.

आता खरं सांगते, ती सकाळ माझ्या आयुष्यातल्या सुंदर सकाळींपैकी आहे. पौषातलं कोवळं ऊन, कापलेल्या भाताचे खुंट, बांधावर बगळे. पुढे पाव, त्याच्या मागे लाल हेल्मेटमधला बटाटा आणि सगळ्यात मागे बोल्टवर डोळा ठेवून चटणी. "चटणीऽऽ गिअर बदल!" असं नवऱ्यानं ओरडावं आणि शेतातल्या बायांनी कंबरेवर हात ठेवून बघावं! ओढ्यात आम्ही सायकली खांद्यावर घेतल्या, तेव्हा बटाटा शेपटासकट चिखलात बसला आणि उठायलाच तयार होईना.

पायथ्याच्या शेवटच्या घरी, विपुलच्या ओळखीच्या किशोरीवहिनींच्या पडवीत सायकली लावल्या; प्राप्तीनं हेल्मेट काही काढू दिलं नाही. त्यांनी कोकम सरबत दिलं. "दुपारचं वर थांबू नका हां," एवढं म्हणाल्या. मला वाटलं, उन्हामुळे.

खिंडीत पोहोचलो तेव्हा मी मागे पडले होते. प्राप्ती एका फुलपाखरामागे वाट सोडून धावली, आणि तिच्या पलीकडे मला नुसतं आकाश दिसलं.

"प्राप्तीऽऽ! थांब! पडशील!"

ती थांबली. तिथे कडा नव्हता, उतार होता, साधा गवताचा. विपुल म्हणाला, "नाव घेतलं! चटणी आऊट!" आणि दोघंही मला हसली. मीही हसले.

समोरच्या कातळावरून माझी हाक परत आली, तशी ती येतेच. पण जरा उशिरा आली. "प्राप्ती... थांब..." मी कान देऊन उभी राहिले.

'पडशील' परत आलं नाही.

माथ्यावर मात्र सगळं विसरले. एका बाजूला समुद्र, खाडीपलीकडे बंदराच्या क्रेन काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या. "बाबा, तुझे ट्रेलर मुंग्या झाले!" आम्ही तांदळाच्या भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली, "चटणीची चटणी" म्हणत. प्राप्ती एका उंच दगडावर माझ्याकडे न बघता चढली. मी ओठ दाबून धरले. उतरलीसुद्धा! मला रडू यायचं बाकी होतं.

मग दुपार झाली. वारा पडला. विपुल तोंडावर टोपी घेऊन आडवा झाला, प्राप्ती त्याच्याजवळ खडे मांडत होती. मी करवंदीच्या जाळीमागे जाऊन आले, तेवढाच वेळ.

खडे होते. ती नव्हती.

पक्षी नव्हते, किडे नव्हते. गवताचं एक पातं हलत नव्हतं. आणि त्या रखरखीत माथ्यावर वास आला... ओव्याच्या धुरीचा, शेगडीचा, अंगावरच्या दुधाचा. बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा.

मग खालच्या बाजूनं हाक आली.

"प्राप्ती... ये गं..."

माझाच आवाज. कसा सांगू... माझ्या आवाजाला एक किनार असते, पत्रा घासल्यासारखी, ती त्यात नव्हती. पोटभर झोप झालेली आई बोलेल तसा तो होता. निवांत. क्षणभर, खोटं कशाला बोलू, मलाही तिकडे जावंसं वाटलं.

मी धावले. गवतातून लाल हेल्मेट दिसलं. या खेपेला गवत संपत होतं तिथे डोंगरही संपत होता, आणि त्या कडेला ती उभी होती, हात पुढे करून, कुणीतरी धरावा तसा.

तोंडात नाव आलं... आणि अडलं. ते नाव आता माझं एकटीचं राहिलं नव्हतं. मी ते घेतलं असतं तर तिनं दोघींपैकी कुणाचं ऐकलं असतं?

"बटाट्या..." मी म्हटलं. ओरडले नाही. ओरडायला श्वासच नव्हता.

ती वळली. बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "चटणी, तू इकडे कशाला आलीस? आई तिथे आहे."

"कुठे?"

तिनं कड्यापलीकडे बोट दाखवलं. तिथे ऊन होतं. नुसतं ऊन.

"बटाट्या, पाव उठलाय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, इतका तो हळू होता. "आपल्याला शेपटावर बसून उतारावरून सुसाट जायचंय. पुढे कोण बसणार?"

"शेपटाला पुढे कसं बसणार, वेडे," ती म्हणाली आणि पळत माझ्याकडे आली. मी तिला उचलून घेतलं. मागे गवत एकदाच सळसळलं, वारा नसताना. आम्ही वळून बघितलं नाही. म्हणजे मी नाही बघितलं.

विपुलला काही सांगितलं नाही. "ऊन लागतंय, उतरू या," एवढंच म्हटलं. परतीच्या उतारावर शेपूट वळणावळणाला उसळत होतं, प्राप्ती "अजून जोरात, पावा!" म्हणून किंचाळत होती आणि मी मागून गात होते. हो, गात होते! विपुल दोनदा वळून बघून म्हणाला, "चटणीला आज झालंय तरी काय?" मलाही वाटत होतं, की काहीतरी सुटलंय. बोल्ट नव्हे, माझ्यातलंच काहीतरी. लेक हातात होती, अंगावर चिखल होता, रेवसच्या धक्क्यावर उन्हं तांबूस झाली होती आणि मी कुणालाही 'पडशील' म्हटलं नव्हतं.

परतीची तर धक्क्यावरून सुटली आणि पलीकडे करंजा दिसू लागलं. विपुल पुढे सायकली धरून तरवाल्याशी गप्पा मारत होता. प्राप्ती माझ्या कुशीत. आता खाडीही संपत आली, आता ती पुन्हा प्राप्ती, असं मनाशी म्हणत मी पाय पसरले.

"हुश्श... दमले गं बाई."

ती चटकन सरळ बसली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून तिनं नीट बघितला.

"खूप दमलीस?"

"खूप. का गं?"

ती वळली, मागे निळसर होत चाललेल्या डोंगराकडे तोंड केलं, दोन्ही हातांची ओंजळ ओठांशी नेली आणि मला विचारलं,

"मग बोलावू तिला? ती म्हणाली, आई दमली की मला हाक मार."