दोराचं दुसरं टोक

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने माझ्या आत्याच्या तोंडावर तसं म्हणून दाखवावं!

तिचा नवरा पाणबुड्या होता. किनाऱ्यावर चोरटा माल उतरायचा आणि अख्खं गाव त्यावर जगायचं, तेव्हाची गोष्ट. कस्टमची लाँच दिसली की माल आणणाऱ्या शेठची माणसं पेट्या समुद्रात सोडत. प्रत्येक पेटीला बुडायला मिठाची गोणी आणि तरंगायला रिकामे डबे बांधलेले. मीठ विरघळलं की पेटी आपसूक वर. एखादी अडकलीच, तर आत्याचा नवरा कमरेला दोर बांधून खाली जायचा.

मग कायदे बदलले. तोच माल दुकानात राजरोस मिळू लागला. धंदा बसला.

त्याआधीच्या शेवटच्या खेपेची एक पेटी वर आलीच नाही. ती काढायला शेठ आणि आत्याचा नवरा, दोघेच गेले. शेठ एकटाच परतला.

"पेटी घेऊन पळाला," त्याने गावभर बोंब मारली. पुढे हॉटेल काढलं, देणग्या दिल्या, चोराचा साव झाला. आत्या मात्र चोराची बायको ठरली. पोटासाठी त्याच हॉटेलात फरशी पुसू लागली.

बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी ती वरच्या मजल्यावर होती.

पुसून कोरडी केलेली फरशी मागे पुन्हा ओली...

तिने वाकून पाहिलं. पावलं होती. अनवाणी. जिन्यापासून थेट शेठच्या खोलीपर्यंत.

आतून आवाज आला. ओला दोर ओढल्यासारखा... सर्र... सर्र...

मग शेठची किंकाळी. "लाँच आली म्हणून कापला रे दोर! तू खाली होतास, पण मी तरी काय करणार?"

आत्याने दार ढकललं. शेठ पलंगावर एकटाच. कमरेला जाड, ओला दोर. तो खिडकीतून बाहेर समुद्राकडे गेलेला... आणि हळूहळू ताणला जात होता.

"वहिनी, सोडवा!"

"इतकी वर्षं त्याला चोर म्हणालास, मेल्या! आधी चारचौघांत खरं सांगतोस?"

शेठने तोंड फिरवलं. जीव चालला होता, पण अब्रू सुटत नव्हती.

आत्याने दार ओढून घेतलं.

सकाळी शेठ नव्हता. दोरही नव्हता. नुसती गादी चिंब.

"आत्या, भीती नाही वाटली?" मी एकदा विचारलं.

"भीती कसली? तिडीक गेली डोक्यात! इतक्या वर्षांनी आला, आणि बायकोला तोंड न दाखवता आधी त्या मेल्याकडे गेला!"

ती अजून रोज दिवेलागणीला दाराची कडी काढून ठेवते.

मी त्या वेळी तिच्याकडे जात नाही.