फेझंट कुणी चिरडला?

लाल झेंडा धरलेला माणूस थांबला, तसे त्याच्यामागून चालणारे सगळे प्रेक्षक थांबले. एल्स्पेथने धाकट्या भावाची, रोरीची, कॉलर धरून त्याला मागे ओढलं. झेंड्यापुढे पाऊल टाकायचं नाही आणि तोंडातून आवाज काढायचा नाही, हे दोन नियम तिने सकाळपासून त्याला अकरा वेळा ऐकवले होते.

"बाराव्यांदा सांगू नकोस," रोरी कुजबुजला. "मी बोललोच नाही."

"बोलणार होतास."

फर्गस गालातल्या गालात हसला. तो या रानाच्या राखणदाराचा मुलगा. नाताळची सुट्टी लागल्यापासून हे तिघं एकमेकांना चिकटूनच होते.

पुढे वाळक्या नेच्यांच्या रानात एल्स्पेथ आणि रोरीची आई उभी होती. एरवी ती पोस्टाची लाल गाडी घेऊन खोरंभर पत्रं वाटायची. आज ती, बंदुकीने पाडलेले पक्षी शोधून आणणाऱ्या स्पॅनियल कुत्र्यांच्या स्पर्धेची परीक्षक होती, आणि तीही नवशिकी. म्हणजे कुत्र्यांची परीक्षा ती घेणार आणि तिची परीक्षा दुसरे परीक्षक, मिस्टर डॅलग्लीश, घेणार. त्यांचा आजचा अहवाल चांगला गेला तर आईचं नाव पक्क्या परीक्षकांच्या यादीत लागणार होतं. नऊ वर्षं ती त्यासाठी झटत होती. आज बिघडलं, तर पुन्हा कोण बोलावणार?

बार झाला. उंचावरून एक फेझंट गिरकी घेत पडला, तो दगडी कुंपणापलीकडे. मिसेस ऑर नावाच्या म्हाताऱ्या बाईंचा कुत्रा ब्रॅकन कुंपणावरून उडी मारून गेला आणि पक्षी तोंडात अलगद धरून परत आला. आईने पक्षी तळहातावर घेतला आणि अंगठ्याने त्याच्या बरगड्या चाचपल्या. कुत्र्याने पक्षी फुलासारखा आणायचा असतो. दोन्हीकडच्या बरगड्या चिरडलेल्या निघाल्या, तर कुत्रा कडक जबड्याचा ठरतो. मग त्याची स्पर्धा संपते, आणि त्याची पिल्लंही कुणी घेत नाही. एकच बाजू दबलेली असेल, तर दोष पडण्याचा किंवा छर्‍यांचा असू शकतो.

आईचा अंगठा थांबला. तिने पुन्हा चाचपलं. शंका आली तर दुसऱ्या परीक्षकालाही पक्षी दाखवायचा, असा नियम. पण मिस्टर डॅलग्लीश दूर काटेरी झुडपांत दुसऱ्या कुत्र्यामागे अडकले होते. म्हणून तिने पक्षी टॅम काकांकडे दिला आणि बाजूला ठेवायला सांगितलं. गोळा झालेले पक्षी वाहायचं काम टॅम काकांचं. त्यांनी तो झोळीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला.

पंधरा मिनिटांनी मिस्टर डॅलग्लीश आले. काकांनी कप्प्यात हात घालून पक्षी काढून दिला. त्यांनी तो दाबून पाहिला आणि त्यांचा चेहरा कडक झाला. नियमाप्रमाणे मिसेस ऑरनाही पाहू दिला. त्यांनी चाचपला, मान खाली घातली आणि ब्रॅकनच्या गळ्यात दोरी अडकवली.

"दोन्ही बाजूंचा चुरा झालाय," मिस्टर डॅलग्लीश आईला म्हणाले. "यात शंका घेण्यासारखं काय होतं, मिसेस गेडिस?"

"मला एकच बाजू दबलेली लागली होती."

"थंडीत बोटं फसवतात. परीक्षकाला ती सबब चालत नाही."

आई आपल्या बोटांकडे बघत राहिली. एल्स्पेथला तिचं हे बघणं ठाऊक होतं. स्वतःवरचा विश्वास उडाला की आई अशीच बोटांकडे बघायची. एल्स्पेथला इतकं वाईट वाटलं की तिने रोरीची कॉलर सोडून दिली.

मिस्टर डॅलग्लीशनी पक्ष्याच्या पायाला लाल दोरा बांधला. संध्याकाळी गावात इतर नवशिक्यांना तो दाखवायचा होता, म्हणून तो परत काकांच्या झोळीच्या कप्प्यात गेला. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

रांग पुढे सरकली. प्रेक्षक त्याच जागेवरून जाऊ लागले आणि मोकाट सुटलेल्या रोरीने वाकून काहीतरी उचललं. रस्त्यावरचं काहीही उचलून खिशात घालायची त्याला खोडच होती.

"हे त्या पक्ष्याच्या चोचीतून पडलं. साहेबांनी त्याला उलटा धरला ना, तेव्हा," त्याने मूठ उघडली. आत मक्याचा एक दाणा होता.

फर्गसने दाणा घेतला आणि निरखून पाहिला. "आमच्या रानात मका? शक्यच नाही. सुट्टीत रोज सकाळी पक्ष्यांची पिंपं मी भरतो. फक्त गहू असतो त्यांत. मका महाग पडतो म्हणून बाबा आणतच नाहीत."

"शेजारच्या शेतातून खाऊन आला असेल."

"शेजारी मेंढ्या आहेत. मेंढ्या मका पेरतात का?"

एल्स्पेथ जागच्या जागी थबकली. काल गावच्या सभागृहात नव्या परीक्षकांचा वर्ग झाला होता आणि हे तिघं चहा वाटायला होते. मिस्टर डॅलग्लीशनी चाळीस मैलांवरच्या आपल्या शेतावरून एक फेझंट आणला होता. त्यांनी सगळ्यांसमोर अंगठ्याने त्याच्या दोन्हीकडच्या बरगड्या चिरडल्या, वर पुसायचा टॉवेल टाकला आणि एकेकाला टॉवेलखाली हात घालून चाचपायला लावलं. शेवटी तो पक्षी पुरून टाकायला दिला होता टॅम काकांकडे.

"काकांनी पुरला असेल ना?" तिने विचारलं.

"टॅम काकांनी?" फर्गस म्हणाला. "ते परवा स्वतःचा कुत्रा दुकानाबाहेर विसरून आले होते."

तिघंही पळत सुटले. साडेबाराला पक्ष्यांची गाडी गावात जायची होती, आणि झोळीही त्याच गाडीत. गाडीपर्यंत वाटेने गेलं तर वीस मिनिटं लागणार. ओढ्यातून गेलं तर पाच. ओढ्याच्या कडेला बर्फ धरला होता. रोरी मधल्या दगडावरून घसरला, गुडघ्यापर्यंत भिजला आणि झेंडा मागे राहिल्यामुळे पोटभर ओरडला.

टॅम काका गाडीच्या मागच्या फळीवर बसून मटणाची पेस्ट्री खात होते. फर्गसने जाता जाता विचारलं, "काका, शनिवारच्या कर्लिंगमध्ये तुमचा शेवटचा दगड खरंच थोडक्यात हुकला?" एवढं पुरलं. काकांनी पेस्ट्री खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी बर्फावर दगड सरकवायचा तो सामना दाखवायला सुरुवात केली.

एल्स्पेथने झोळीचा बाहेरचा कप्पा उघडला. आत दोन पक्षी होते. एकाच्या पायाला लाल दोरा. दुसऱ्याच्या पायाला काहीच नाही.

रोरीने हात पुढे केला. तिने त्याच्या हातावर चापट मारली. "दाबायचं नाही! आपणच बरगड्या मोडल्या म्हणतील."

"काय चाललंय तिकडे?" काकांनी वळून विचारलं.

"काका, कालचा पक्षी पुरलात का?"

काकांचा चेहरा उतरला. "पुरणार होतो गं. जमीन दगडासारखी गोठली होती. म्हटलं उद्या बघू, म्हणून कप्प्यात टाकला आणि..." ते दोन्ही पक्ष्यांकडे बघू लागले. "हे बघ पोरी, झालं ते झालं. आता सांगितलंस तर म्हातारा मला उभा जाळेल. मी गुपचूप पुरून टाकतो दोन्ही. कुणाला कळायचं नाही."

"आणि आई? आणि ब्रॅकन?"

 काकांनी झोळीकडे हात नेला, पण झोळी जागेवर नव्हती. रोरीही नव्हता. आपल्याहून मोठी झोळी पाठीवर घेऊन तो ओल्या बुटांनी फचफच करत, जेवण चाललं होतं त्या गोठ्याकडे पळत होता.

गोठ्यात सगळे सूप पीत बसले होते. आई एका कोपऱ्यात होती आणि तिच्या हातातला वाडगा तसाच भरलेला होता. "एल्स्पेथ, बाहेर जा," ती हळू आवाजात म्हणाली. "परीक्षकांशी बोलायचं नसतं."

 एल्स्पेथने मुद्दाम आईकडे पाहिलं नाही, नाहीतर तिला रडू आलं असतं. ती सरळ मिस्टर डॅलग्लीशसमोर जाऊन उभी राहिली. "सर, झोळीच्या कप्प्यात दोन पक्षी आहेत. आम्ही हात लावलेला नाही. तुमच्या शेतावर फेझंटना काय घालता?"

"मका," मिस्टर डॅलग्लीश म्हणाले. "का?"

तिने मक्याचा दाणा त्यांच्या वाडग्याशेजारी ठेवला. मागून धापा टाकत टॅम काका आले आणि टोपी हातात घेऊन त्यांनी स्वतःच सगळं सांगून टाकलं.

मिस्टर डॅलग्लीशनी दाणा उचलून उजेडात धरला. मग त्यांनी चाकू काढून लाल दोरा बांधलेल्या पक्ष्याच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चिरली. मका बाहेर पडला. दुसऱ्या पक्ष्याच्या पिशवीत गहू निघाला. त्यांनी त्या दुसऱ्या पक्ष्याच्या बरगड्या चाचपल्या, पण काय लागलं ते न सांगता तो एका टॉवेलखाली ठेवून टॉवेलसकट आईपुढे केला.

"सांगा, मिसेस गेडिस."

आईने डोळे मिटले. तिचा अंगठा सावकाश फिरला आणि थांबला. 

"डाव्या बाजूच्या दोन बरगड्या," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज स्वच्छ होता. "उजवी बाजू धड आहे. हा दगडी कुंपणावर आपटलाय. कुत्र्याचा दोष नाही."

"मलाही तेच लागलं." मिस्टर डॅलग्लीशनी आपला अंगठा उचलून पाहिला. "म्हणजे ब्रॅकनला ज्या चिरडण्याबद्दल मी बाहेर काढलं, ते या अंगठ्याचं काम. पक्षी थंडगार लागला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. चाळीस वर्षांत मी असा मूर्खपणा केला नव्हता. तुमच्या बोटांवर विश्वास ठेवायच्या ऐवजी मी झोळीवर ठेवला. कुणीतरी मिसेस ऑरना बोलवा."

मिसेस ऑर बाहेर गाडीत ब्रॅकनला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रोरीनेच पळत जाऊन त्यांना निरोप दिला आणि त्याबद्दल त्याचा ओला गाल त्यांनी इतका दाबून चुंबला की तो दिवसभर पुसत होता. दुपारी ब्रॅकन पुन्हा रानात उतरला आणि तिसरा आला. टॅम काकांना झोळीचे सगळे कप्पे उलटे करून दाखवल्याशिवाय पुढे पाऊल टाकायची परवानगी नव्हती.

निघताना मिस्टर डॅलग्लीशनी तिघांना हाक मारली. "पुढच्या वर्षीच्या वर्गाला या. चहा दुसरं कुणीतरी वाटेल. तुम्ही टॉवेलखाली हात घालायचे."

अहवाल गुप्त असतो, त्यामुळे पुढचे पाच आठवडे घरात त्याचं नावही कुणी काढलं नाही. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी, शाळेला निघायच्या वेळी, दारावरची घंटा वाजली. एल्स्पेथने दार उघडलं तर समोर आई होती, पोस्टाचा लाल कोट घातलेली, मागे लाल गाडी सुरूच.

"किल्ली विसरलीस?" एल्स्पेथने विचारलं.

"नाही. तुमचं टपाल," असं म्हणून आईने एक लांबट पाकीट पुढे केलं. त्यावर तिचंच नाव होतं आणि ते अजून बंद होतं. "पहाटेपासून माझ्या पिशवीत आहे. त्र्याऐंशी घरं करून आले, पण उघडवेना. तुझ्या बोटांनी उघड."